टॉवेल-टोपीच्या जागी माझी कादंबरी

आमच्या पुढच्या खोलीतल्या दिवाणात पूर्वी गोधड्या असायच्या. माझी कादंबरी छापून आली आणि गोधड्यांची रवानगी कपाटावर झाली. मुक्कामाला आलेला पाहुणा रात्रभर माझ्या साहित्यावर झोपायचा आणि सकाळी पाठ चोळत म्हणायचा, "दिवाण लय टणक हाय बगा तुमचा." साहित्यावर एवढाही अभिप्राय दुसऱ्या कुणी देत नव्हतं, म्हणून मी तो मनाला लावून घेत नसे.

कादंबरी मीच छापली होती, परभणीतल्याच एका छापखान्यात. त्याआधी ती पुण्यामुंबईच्या प्रकाशकांकडे जाऊन आली होती. जाताना तिला वेळ लागला, येताना अजिबात लागला नाही. मी भूगोलाचा मास्तर. दोन साडू, त्यांच्या शेतांमधला एक बांध, आणि त्या बांधावर दोघांनी निम्म्यानिम्म्यात घेतलेलं बोअर, एवढीच माझी गोष्ट. हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा एक पाणाड्याही आहे. बोअरला पाणी लागतं की नाही हे शेवटचं पान येईपर्यंत कळत नाही, याचा मला फार अभिमान होता. शाळेतल्या सहकाऱ्यांना मात्र ते भूगर्भातल्या पाण्यावरचं गाइड वाटलं. एकानं तर दहावीला हे किती मार्कांना आहे असंही विचारलं.

छापखानेवाल्यानं शेवटी विचारलं होतं, "प्लास्टिक चढवू का?" मी म्हणालो, चढवा. शहरातल्या दुकानात पुस्तकं अशीच पारदर्शक प्लास्टिकमध्ये बसलेली मी पाहिली होती, आणि माझं पुस्तक कुठं कमी पडायला नको होतं.

आमच्याकडे लेखकानं पुस्तकाचे पैसे मागणं म्हणजे पंगतीत बसलेल्याकडून ताटाचे पैसे मागणं. त्यामुळे पहिलं वर्ष मी नुसता वाटतच सुटलो. लोक पुस्तक हातात घेत, उलटं करून मागचा माझा फोटो बघत, अंगातला कोट कुणाचा आहे ते विचारत. महिन्याभरानं मी लाजत लाजत वाचलं का म्हणून विचारलं की म्हणत, "चाळलं." चाळण्यासाठी आधी प्लास्टिक काढावं लागतं, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही. घरी येऊन मात्र बायकोसमोर एकेकाचा उद्धार करायचो.

बायकोनं स्वतः वाचलं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तीही चाळलं म्हणाली असती तर मला सोसलं नसतं.

मग दसरा आला. दसऱ्याआधी आमच्याकडे घरातली चिंधीन्‌चिंधी धुऊन निघते, भांडी-डबे अंगणात येतात, आणि बायकांच्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नसते. त्या दिवसांत धुतलेल्या गोधड्या ठेवायला जागा नाही म्हणून तिनं दिवाणाचं झाकण उचललं आणि मला हाक मारली.

"आवो, पुढच्या दसऱ्यापत्तोर एक माणूस दाखवा. एकच. पैसे देऊन ज्यानं हे पुस्तक घेतलंय अन् वाचायलाय. न्हाईतर हे गठ्ठे भंगारवाल्याला."

"एक कशाला, पन्नास दाखवतो," मी म्हणालो.

"अनोळखी पाहिजे," ती म्हणाली. "ओळखीचा माणूस भिडंखातर घेतो. त्याला मी धरणार न्हाई."

झालं. एक अनोळखी वाचक. कादंबरीचा अर्धा लिहून झालेला दुसरा भाग माझ्या टेबलाच्या खणात होता, आणि तो पुरा करायचा की खणातच ठेवायचा, हे आता या एका माणसावर अवलंबून होतं. ती काही तसं म्हणाली नव्हती. माझं मीच ठरवून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वेबसाइट बनवायला बसलो. यूट्यूबवर एक पोरगेलेसा माणूस हिंदीत सगळं शिकवायचा आणि दर दोन मिनिटांनी "बिल्कुल आसान है" म्हणायचा. तो तसं म्हणाला की मी मोबाइल उशीवर आपटायचो. शेवटी जमलं. वर कोटातला फोटो, मध्ये पुस्तक, खाली हिरवं बटण, त्यावर "पुस्तक मागवा". शाळेत माझा फोन बंद असतो म्हणून संपर्काला बायकोचा नंबर टाकला. वेबसाइटचा पत्ता आणि तो नंबर यांची चिठ्ठी छापून घेतली आणि दिवाणातल्या एकेका पुस्तकावर, म्हणजे त्यावरच्या प्लास्टिकवर, मागच्या बाजूला डकवली. किती माणसं वेबसाइट बघून गेली ते तिथं आकड्यात दिसायचं. पहिल्या आठवड्यात आकडा बरा वाढला. नंतर लक्षात आलं, तो सगळा मीच होतो.

हळूहळू फोन येऊ लागले. म्हणजे तसे थोडेच, पण आले. आणि इथंच घोळ झाला, कारण फोन बायको उचलायची, आणि फोनवरच्या माणसाला "कुठले तुमी?" विचारल्याशिवाय तिच्याच्यानं राहवत नसे. आपला परभणी जिल्हा. गाव सांगितलं की ती आडनाव विचारणार, मग बायकोचं माहेर विचारणार, आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं हजर.

"मानवतचे का? मग तुमची मंडळी कुठली? सेलूची? आता गं बया, मग ती माझ्या मावसबहिणीची नणंदच की!"

आणि फोन ठेवून माझ्याकडे वळून, "ओळखीचा निघाला. धरायचा न्हाई."

असे माझे चांगले चांगले वाचक तिनं एकामागून एक नातेवाइकांत जमा केले. नातेवाईक झाल्यावर ते पैसे पाठवणं विसरायचे आणि आता घरीच येतो म्हणायचे. यायचे, चहा घ्यायचे, दिवाणावर बसायचे, पुस्तक फुकट न्यायचे. एकजण मात्र अनोळखी निघाला. त्याला पुस्तक नको होतं, पाणाड्याचा पत्ता हवा होता. तो पाणाड्या मी मनानं रचलाय असं सांगितलं तर माणूस चिडला. म्हणाला, "मग लोकायला कामून फसवायलाव?"

उन्हाळा लागला आणि पाथरीहून फोन आला. बायकोनं गाव विचारलं, आडनाव विचारलं, माहेर विचारलं, मामाचं गाव विचारलं, अगदी कुलदैवतापर्यंत जाऊन आली. मग फोन छातीशी धरून घोगऱ्या आवाजात मला म्हणाली, "अनोळखी हाय."

त्या गृहस्थाला पुस्तकाचे दोन गठ्ठे हवे होते. दोन गठ्ठे! मी गठ्ठे घेऊन स्वतः पाथरीला निघालो. जीपवाल्यानं ते टपावर टाकले, आणि मी सारखा खिडकीतून मान काढून वर बघत होतो, तर शेजारच्या बाईनं मला उलटी होतेय असं समजून लिंबू दिलं.

गृहस्थ चांगला बागायतदार होता. महिन्यानं मुलीचं लग्न होतं. त्यानं एक पुस्तक हातावर तोललं आणि खूश झाला. "जाडजूड हाय. चांगलं दिसतंय."

"वाचायला आवडेल तुम्हाला," मी म्हणालो.

"वाचायला न्हाई ओ, आहेराला! पोराकडची माणसं समदी मास्तर हायत. टावेल-टोपी दिली तर नाक मुरडतेत. म्हणलं पुस्तक देऊ. टावेलापरीस स्वस्तात बसायलंय." मग जरा पुढं सरकून त्यानं हळूच विचारलं, "शुभकार्य हाय सर. ह्यात कुणी मरत न्हाई ना?"

मी विचार केला. "एक शेळी मरते."

"शेळी चालती," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता, पण जेवण फार चांगलं होतं. जेवून उठल्यावर मी खिशातलं पेन काढलं आणि निदान त्याच्यापुरत्या एका प्रतीवर सही करावी म्हणून प्लास्टिकला नख लावलं, तसा त्यानं माझा हातच धरला. "फाडू नका, फाडू नका! फाडलं की पुढं चालत न्हाई."

पुढं म्हणजे कुठं, हे मला तेव्हा उमजलं नाही. खरं तर उमजायला हवं होतं. आमच्या भागात आहेरातली टॉवेल-टोपी कुणी वापरतं का? ती पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर बसते, तिथून तिसऱ्याच्या. कापड आयुष्यभर हिंडतं. घडी मोडायची नाही एवढाच काय तो नियम. माझ्या पुस्तकाची घडी म्हणजे ते प्लास्टिक.

घरी येऊन मी विजयी मुद्रेनं बायकोपुढं उभा राहिलो. "अनोळखी. पैसे देऊन."

"वाचणार हाय का?"

"तो नाही. पण वऱ्हाडातलं कुणीतरी वाचेलच."

"वाचल्यावर सांगा," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्या उन्हाळ्यात मी जिथं जिथं लग्नाला गेलो तिथं माझी कादंबरी माझ्या आधी पोचलेली होती. माइकवरून पुकारा व्हायचा, मंडळी उठायची, कपाळाला कुंकू लागायचं आणि हातात माझं पुस्तक पडायचं. कुणाच्या प्लास्टिकवर आधीच्या मानकऱ्याचं नाव खोडून नवं लिहिलेलं असायचं, एकावर तर खोडायला जागा उरली नव्हती. मांडवात एक म्हातारा मला कौतुकानं म्हणाला, "औंदा टोपीपरीस ह्येच लय चालायलंय. कसर लागत न्हाई." लेखक म्हणून मी जिल्ह्यात सर्वदूर पोचलो होतो. वाचक म्हणून अजून कुणी जन्माला आलं नव्हतं.

मग झरीचं लग्न आलं. झरी माझं गाव, चुलतभावाच्या मुलीचं लग्न, म्हणजे मी मुलीकडचा मानाचा माणूस. माइकवर माझं नाव पुकारलं. नवऱ्या मुलाच्या काकांनी मला कुंकू लावलं आणि चमकीच्या कागदातलं एक पुडकं हातात दिलं. हातात पडताच मी ओळखलं. स्वतःच्या लेकराचं वजन माणसाला कळतं. त्या काकांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "ह्या पुस्तकाच्या मागं एक फोटू हाय म्हणतेत, तुमच्यासारखाच माणूस हाय."

"माझा भाऊ असेल," मी म्हणालो.

रागानं माझी लाही लाही झाली होती. घरी येऊन मी तो चमकीचा कागद टराटरा फाडला. आत प्लास्टिक नव्हतंच. पुस्तक उघडलेलं होतं, कडेला हळदीचं बोट लागलेलं होतं, आणि बरोबर मध्यावर केसातली एक काळी पिन खोचलेली होती.

बायकोनं ते पान बघितलं. "बोअरात रॉड अडकतो तिथं हाय पिन," ती म्हणाली. "बगा, कुणीतरी वाचलंय की."

"अर्धं!" मी ओरडलो. "अर्ध्यात टाकून दिलं आणि वर दुसऱ्याला आहेर केला!"

प्लास्टिक न काढणाऱ्यांचा मला आता राग येईना. त्यांनी निदान निकाल तरी दिला नव्हता. इथं एका बाईनं शांतपणे निम्मी कादंबरी वाचली होती, केसातली पिन काढून खूण केली होती, आणि मग बस्स म्हणून दिली होती फेकून. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस मी धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी वेबसाइटवरचं हिरवं बटण काढून टाकलं आणि दुसऱ्या भागाचे कागद खणात आणखी मागे सारले. ती पिन बायकोनं उचलून देवाच्या फळीवर हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली.

बघता बघता दसरा तोंडावर आला. मुदत संपली. अंगणात टब, टबात गोधड्या, दोरीवर चादरी, आणि दारात भंगारवाला तराजू घेऊन उभा. दिवाणातले गठ्ठे मीच उचलून बाहेर आणले. दुसऱ्या कुणी त्यांना हात लावलेला मला चालला नसता. भंगारवाल्यानं वरचं पुस्तक उचललं, उलटं केलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत ठेवलं. त्या दिवशी मला भेटलेला तोच एक सभ्य माणूस.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिचे हात साबणाचे, म्हणून मी उचलला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर लावला.

पलीकडून एक बाई अगदी दबक्या आवाजात बोलत होती. "बोअरची गोष्ट लिवणारे तुमीच का?"

"हो."

"पाणी लागलं का?"

"कुठं?"

"बोअरला ओ! रॉड अडकला, पाणाड्या पळून गेला, अन् धाकला साडू बांधावर बसून रडायलाय, तितपत्तोर वाचलं मी. पुढं काय झालं?"

मी मटकन गठ्ठ्यावर बसलो. बाई राणीसावरगावची सून होती. उन्हाळ्यात घरात आहेरात पुस्तक आलं, लेकरानं त्याचं प्लास्टिक फाडलं, मग फाटलंच आहे म्हणून ती रोज दुपारी थोडं थोडं वाचू लागली. निम्म्यावर आली आणि सासूबाईंनी ते चमकीच्या कागदात घालून एका लग्नात देऊन टाकलं.

"त्यात माझी पिनबी गेली," ती म्हणाली. "लय शोधलं तुमाला. पण नंबरची चिठ्ठी प्लास्टिकावर व्हती, ती तर लेकरानं फाडली. आता दसऱ्याला पेटी काढली तर आणखी एक पुस्तक निघालं. पर सासूबाई त्याला हात लावू देईनात, पुढच्या लग्नाला हाय म्हणतेत. म्हणून वरूनच नंबर बगितला. तुमच्या वेबसाइटवर बटणच न्हाई की ओ. मला इकत पाहिजे. माझं सोताचं."

भंगारवाला तराजू खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नुसतं हं हं करत राहिलो, तशी बायकोनं पदराला हात पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

राणीसावरगाव म्हणजे गंगाखेड तालुका. बायकोच्या दोन मावश्या, एक आत्या आणि मोजता न येणाऱ्या चुलतबहिणी त्याच तालुक्यात दिलेल्या. तिनं नुसतं माहेर विचारायचा अवकाश, माझा एकुलता एक वाचक तिच्या भाच्यांत जमा झाला असता. मी हात जोडले. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"पाणी लागतं का न्हाई ते मी सांगणार न्हाई ताई," ती फोनवर म्हणाली. "वाचूनच बगा. पाणाड्या परत येतो, त्याच्यावर ध्यान ठेवा. अन् घाई करून शेवटचं पान आधी बगू नका. मी बगितलं, मग मला लय रडायला आलं." मग फोनवर हात ठेवून माझ्यावर डाफरली, "बसलाव काय? ते बटण चालू करा आधी!"

मी माझ्या मोबाइलवरून बटण परत लावलं. पलीकडे ती बाई फोन धरून थांबली होती. थोड्याच वेळात माझ्या मोबाइलवर टिंग वाजलं. हिरव्या बटणावरून आलेली ती मागणी मी तीनदा वाचली.

भंगारवाल्याला बायकोनं माझी जुनी भूगोलाची गाइडं देऊन वाटेला लावलं. मी एका पुस्तकाचं प्लास्टिक माझ्या हातानं फाडलं, पहिल्या पानावर त्या बाईचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, "हे आहेरात देऊ नये." देवाच्या फळीवरची पिन आणून रॉड अडकतो त्या पानात खोचली. तोवर बायको परत टबापाशी जाऊन गोधडी चुबकत होती.

"तिचं माहेर विचारलं नाहीस," मी म्हणालो.

"इचारलं असतं तर निघालंच असतं कुणीतरी," ती म्हणाली, आणि ओल्या गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा तिकून घट्ट. पिळायची हाय."